डोळे मिटले की जास्तच भीती वाटते, माझं काही चुकतंय का?

चाळीसगाव तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. वय ३८, दोन मुलं, घरची थोडी शेती. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री पाऊस कोसळला आणि ३१ च्या पहाटे तितूर-डोंगरी नद्यांना पूर आला, तेव्हा त्या अंधारातच मुलांना घेऊन धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, चढल्या आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. माणसं वाचली. गोठ्यात दाव्याला बांधलेली बैलजोडी गेली. याला आता चार वर्षं झाली. अजूनही आभाळ भरून आलं की त्यांचे हात थरथरतात. ओल्या गाळाचा वास आला की पोटात कालवतं. पावसाळ्यात रात्री चार-चार वेळा उठून दार उघडून बघतात, मुलांवर नको तेवढं ओरडलं जातं. सासूबाई म्हणतात, "व्हई गयं ते व्हई गयं, आते कसाले घाबरस?" (झालं ते झालं, आता कशाला घाबरतेस?) कुणी सुचवलं म्हणून त्यांनी पहाटे प्राणायाम आणि ध्यान सुरू केलं, तर डोळे मिटले की छाती धडधडते आणि उठून पळावंसं वाटतं. त्या विचारतात, "सगळ्यांना ध्यानानं शांत वाटतं, मला उलट का होतं? माझं काही चुकतंय का? आणि मुलगा विचारतो, आई तू पाऊस आला की का ओरडतेस, त्याला काय सांगू?"

ताई, तुमचं काही चुकत नाही. जळगावात बसून गेली वीसेक वर्षं मी असे आघात सोसलेल्या माणसांबरोबरच काम करते आहे आणि डोळे मिटल्यावर घाबरणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत. सुरुवातीच्या काळात मीही येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच भेटीत "डोळे मिटा, शांत बसा" असं सांगायचे. भुसावळचे एक रेल्वे ड्रायव्हर होते, त्यांच्या गाडीखाली माणूस आला होता. डोळे मिटवून बसवल्यावर दोन मिनिटांत ते घामानं निथळले आणि पुढच्या भेटीला आलेच नाहीत. ती चूक माझी होती, त्यांची नव्हे. त्यानंतर मी आधी डोळे उघडे ठेवायला सांगते.

तुम्ही मन शांत कसं करावं हे विचारलं आहे. मला दिसणारी अडचण थोडी वेगळी आहे. पूर संपला हे तुमच्या बुद्धीला ठाऊक आहे, पण अंगाला ते अजून पटलेलं नाही. आणि न पटलेल्या अंगाला तुम्ही रोज पहाटे जबरदस्तीनं गप्प बसवताय. ते गप्प बसणार नाही, कारण ते त्याच्या समजुतीप्रमाणे तुम्हाला वाचवायचं काम करतंय.

हे कसं होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण कारण कळलं की निम्मी भीती तिथेच उतरते असा माझा अनुभव आहे. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका ओळखून सगळ्या शरीराला उठवायचं हे त्याचं काम. विचार करणारा मेंदू "हे नक्की काय आहे" असं ठरवण्याआधीच तो हाळी देतो. हाळी दिली की अ‍ॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास उथळ होतो, रक्त हातापायांकडे धावतं, पोटाचं काम मंदावतं. पोटात कालवतं ते म्हणूनच. शेजारीच हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. घडलेल्या गोष्टीवर तारीख आणि ठिकाण घालून ती मागे टाकायचं काम त्याचं. जिवावर बेतलेल्या वेळी मात्र हे तारीख घालायचं काम नीट होत नाही. आठवण अख्खी गोष्ट म्हणून साठत नाही, तिचे तुकडे साठतात. गाळाचा वास, पत्र्यावरच्या पावसाचा आवाज, गोठ्यातून आलेलं हंबरणं. त्यातला एक तुकडा हलला की अंगाला ती रात्र आत्ताच चालू आहे असं वाटतं.

याला नाव आहे आणि १९८० पासून ते आजारांच्या अधिकृत यादीत आहे: आघातोत्तर ताण विकार, पीटीएसडी. तुम्हाला तो आहेच असं न भेटता मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगातल्या सुमारे ७० टक्के माणसांच्या आयुष्यात कधी ना कधी असा मोठा धक्का येतो, आणि त्यातल्या साधारण ५.६ टक्क्यांना हा विकार जडतो. म्हणजे बहुतेकांची भीती काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप उतरते. एक महिन्यानंतरही आठवणींचे असे झटके, टाळाटाळ, सतत सावध राहणं आणि मनाचा कोमेजलेपणा टिकला, घरकामात-नात्यात अडथळा येऊ लागला, की तपासून घ्यायला हवं. तुमची चार वर्षं झाली आहेत. म्हणून खाली जे सांगते ते घरी करा, पण एवढ्यावरच थांबू नका.

आता डोळे मिटल्यावर काय होतं ते पाहा. डोळे उघडे असतात तोवर तुम्हाला पुरावा मिळत असतो: भिंत कोरडी आहे, मुलं झोपली आहेत, अंगणात चिखल नाही. डोळे मिटले की हा पुरावा बंद झाला. लक्ष आत वळलं, तिथे हृदयाची धडधड ऐकू आली आणि धडधड म्हणजे धोका, असं तुमच्या अंगानं त्या पहाटे शिकून ठेवलंय. त्यात पहाटेचीच वेळ. त्यावर कुणी कपालभाती किंवा भस्त्रिका सांगितली असेल तर भर पडणारच, कारण जोरजोरात श्वास घेतला-सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, हातांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मुळात घाबरलेल्या माणसाला हे सगळं भीतीच्या झटक्यासारखंच भासतं. प्राणायाम वाईट आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. तुमच्यासाठी आत्ता कोणता आणि कधी, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याकडे केळीला ठिबकनं पाणी देतात हे तुम्हाला मी सांगायला नको. एकदम पाट सोडला तर माती वाहते, थेंब थेंब दिलं की मुळाशी मुरतं. अंगाला शांतता शिकवायची तीसुद्धा ठिबकनं. अर्धा तास आसनावर बसण्यापेक्षा दिवसातून सहा वेळा एक-एक मिनिट. आणि हे शिकायचं चैत्र-वैशाखात, आभाळ कोरडं असताना. भर गडगडाटात पहिल्यांदा करून बघाल तर जमणार नाही, मग तुम्ही म्हणाल की हेही माझ्यावर चालत नाही.

सुरुवात बाहेरून करा. उभ्या राहा, डोळे उघडे, पाय अनवाणी फरशीवर. टाचा जरा दाबून फरशीचा गारवा जाणवू द्या. मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवत घर बघा आणि त्या पहाटे नव्हत्या अशा तीन गोष्टी शोधा. नवं कपाट, भिंतीचा बदललेला रंग, मुलाची सहावीची पुस्तकं. मी हे मुद्दाम "तेव्हा नव्हत्या" असं सांगते. नुसतं "समोरच्या पाच वस्तू मोजा" असंही सांगतात, त्यानं थोडं बरं वाटतं. पण तेव्हा नसलेली वस्तू तुमच्या आठवणीला राहून गेलेली तारीख घालते. मुलगा तेव्हा दुसरीत होता, आता सहावीत आहे. त्याच्या उंचीइतका चांगला पुरावा तुमच्या घरात दुसरा नसेल. त्याला दाराच्या चौकटीशी उभा करून खूण करा, आणि छाती धडधडली की त्या खुणेवर हात ठेवून मोठ्यानं म्हणा: आज अमुक वार, अमुक तारीख, मी माझ्या घरात आहे.

मग श्वास. नाकानं चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मध्ये रोखायचा नाही. भर बाहेर सोडण्यावर, कारण श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा लगाम हृदयावर जरा घट्ट होतो आणि ठोके मंदावतात. प्रत्येक श्वासाबरोबर हे निसर्गतः होतच असतं, आपण फक्त सोडणं लांबवतो. एरवी मिनिटाला बारा ते वीस श्वास होतात, या पद्धतीनं ते सहाच्या आसपास येतात. मोजण्यात मन लागत नसेल तर गुणगुणा. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बायांचा श्वास बघा, ओळ म्हणजे एक लांब उच्छ्वासच असतो. आपल्या खानदेशात कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री बायका मिळून गाणी म्हणतात, तेव्हा कित्येकींना जी हलकेपणाची जाणीव होते तिच्यात श्रद्धा आहे, सोबत आहे आणि हा लांबवलेला श्वासही आहे. तुम्हाला येत असेल ते म्हणा, भांडी घासताना म्हणा. डोळे मिटायची गरज नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. कधी कधी धडधड होत नाही, उलट सगळं सुन्न होतं. हातपाय जड, कुणी बोललं तरी लांबून ऐकू येतं. तेव्हा संथ श्वासाच्या मागे लागू नका, माणूस आणखी खाली जातो. तेव्हा हालचाल हवी. माठातलं गार पाणी तोंडावर मारा, अंगण झाडा, भिंतीला दोन्ही तळहात लावून जोरात ढकला. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधता ना, त्या झोक्यासारखी लयीतली हालचालही चांगली. मोठ्या बायांनी झोका खेळू नये असं कुणी म्हणालं तर माझं नाव सांगा.

इथवरचं थोडक्यात: आधी डोळे उघडे ठेवून बाहेरचा पुरावा, मग लांब उच्छ्वास, सुन्न वाटलं तर हालचाल, आणि सगळं थेंबाथेंबानं, कोरड्या दिवसांत.

यानंतरचा भाग अवघड आहे, तो पावसाचा. पाऊस आला की तुम्ही आत जाऊन गोधडी ओढून घेता, टीव्हीचा आवाज वाढवता, असं तुम्ही लिहिलं आहे. त्यानं त्या तासापुरतं बरं वाटतं, पण अंग त्यातून शिकतं की लपल्यामुळेच आपण वाचलो. पावसात बसूनही काही झालं नाही, हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही. म्हणून पायरीपायरीनं पावसाजवळ जायचं. उन्हाळ्यात दुपारी लख्ख उजेडात, घरात कुणीतरी असताना, मोबाइलवर पावसाचा आवाज अगदी हळू लावा. निदान दोन मिनिटं. भीती दहापैकी किती आहे ते मनाशी म्हणा, आठ असेल तर आवाज आणखी कमी करा. चार-पाच असेल तर तशाच बसून राहा, आणि ती तीनवर येईपर्यंत आवाज बंद करू नका. भीती शिगेला असताना पळायचं नाही, ती थोडी उतरल्यावर उठायचं, यातच सगळं आहे. मग आवाज थोडा वाढवा, मग संध्याकाळी ऐका, मग जूनची पहिली सर ओट्यावर बसून, हातात चहाचा कप घेऊन पाहा. ही पायरी आवाज आणि वासापुरती. त्या पहाटेची गोष्ट स्वतःशी पुन्हा पुन्हा उगाळायचं काम एकट्यानं करू नका, त्यासाठी समोर शिकलेलं माणूस हवं.

पण ताई, तुमची सगळी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तुमचं घर अजून नदीकाठी त्याच जागी असेल तर पुराचा धोका खरा आहे. त्या वेळी औट्रम घाटात दरडी कोसळून कन्नडकडचा रस्ता बंद पडला होता, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. अशा ठिकाणी राहणाऱ्याला "घाबरू नका" म्हणणं बरोबर नाही. खरी तयारी आणि भीतीनं करवलेली धावपळ यांच्यात मी असा फरक करते: तयारी एकदा करून संपते, धावपळ संपत नाही. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत उंचावर, टॉर्च चार्ज केलेला, गोठा शक्य तर उंचवट्यावर, जनावरांच्या दाव्याला एका ओढीत सुटेल अशी गाठ, आणि रात्री पाणी वाढलं तर कुणी कुणाला फोन करायचा हे शेजाऱ्यांशी ठरलेलं. हे ज्येष्ठात करून टाका. मग रात्री दार उघडून बघायचं ते एकदाच, ठरलेल्या वेळी. तहसीलचा इशारा आला असेल तर गोष्ट निराळी, तेव्हा जागं राहणं शहाणपणाचंच आहे.

आणखीही काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. लहानपणी किंवा लग्नानंतर दुसरे आघात झाले असतील तर वेळ जास्त लागतो. आज घरात कुणी मारहाण करत असेल तर अंगाला शांत करायचे उपाय आधी नकोत, आधी सुरक्षित जागा हवी. चालू धोक्यात अंगानं सावध राहणं योग्यच आहे. आणि धडधड, थरथर, झोप उडणं हे थायरॉइडमुळे किंवा रक्त कमी असल्यामुळेही होतं. आपल्या भागातल्या कितीतरी बायांचं हिमोग्लोबिन कमी असतं. म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी आधी करून घ्या.

आता बैलांबद्दल. तुमच्या पत्रात हे एकच वाक्य आहे, "मी दावं सोडलं असतं तर ती पोहून गेली असती," आणि मला ते सगळ्यात जड वाटलं. भीती आणि हा सल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्वासानं भीती उतरेल, सल उतरणार नाही. त्यासाठी मी लिहायला लावते. वहीचं एक पान घ्या आणि त्या क्षणी तुम्हाला काय माहीत होतं तेवढंच लिहा. किती वाजले होते, पाणी कुठवर होतं, दोन्ही मुलं कुठे होती, वीज होती का, गोठ्यापर्यंत जायला कुठली वाट उरली होती. पाणी किती चढणार हे तेव्हा माहीत होतं का? सकाळी जे कळलं ते या पानावर लिहायचं नाही. आपण आज जे जाणतो त्याच्या जोरावर त्या पहाटेच्या बाईला दोष देतो, आणि तिच्याकडे तर तेव्हा फक्त अंधार, पाणी आणि दोन लेकरं होती. असं पान लिहून झाल्यावर बऱ्याच जणी खूप वेळ रडतात. रडू द्या. ते रडणं भीतीचं नसतं, दुःखाचं असतं, आणि दुःखाला वाट मिळाली की ते हळूहळू निवतं.

त्या वर्षी पुढच्याच आठवड्यात, ६ सप्टेंबरला, पोळा होता. ज्यांच्या दावणीला काही उरलं नव्हतं त्यांनी तो दिवस कसा काढला असेल याची मला कल्पना आहे. दरवर्षी पोळ्याच्या आसपास तुमचा त्रास वाढत असेल तर ते वेड नाही, अंगाला ती तारीख लक्षात आहे. त्या दिवशी काय करायचं ते आधी ठरवा. मातीची जोडी करून पुजा, त्या दोघांची नावं घ्या, मुलांना त्यांच्या खोड्या सांगा. घरात त्यांचं नावच न काढणं हे मला बरं वाटत नाही.

उपचारांचं सांगते. अशा त्रासासाठी आघातावर केंद्रित बोधन-वर्तन उपचार (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा) आणि डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारा ईएमडीआर, या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये केली आहे. साधारण आठ ते सोळा बैठका धरून चला, कुणाला कमी, कुणाला जास्त. औषधांत सरट्रालीनसारख्या गोळ्या डॉक्टर देतात. त्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि त्या मनानं बंद करायच्या नसतात. मेडिकलवरून झोपेची गोळी मात्र घेऊ नका. ती त्या रात्रीपुरती झोप देते, तिची सवय लागते, आणि पावसाजवळ जाण्याचा जो सराव सांगितला त्याचा गुण ती येऊ देत नाही. खर्चाची काळजी असेल तर जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागात दाखवा. प्रवास जमत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासूनची ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटलं तर वाट न बघता त्याच क्षणी तिथे फोन करा आणि घरातल्या एका माणसाला उठवा.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांच्या पिढीला दुःख गिळायलाच शिकवलं होतं. त्यांना हवं तर हे वाचून दाखवा आणि दोनच गोष्टी मागा. तुम्ही थरथरत असताना मागून अंगाला हात लावायचा नाही, समोर येऊन नावानं हाक मारायची. आणि "विसर" म्हणण्याऐवजी "मी इथेच आहे" म्हणायचं. काही जण भगताकडे न्यायचं म्हणतील. अंगारा लावण्यावरून मी कुणाशी भांडत नाही, पण मारणं, उपाशी ठेवणं, धूर कोंडणं असं काही असेल तर ठाम नकार द्या, आणि अंगारा घेतला तरी तपासणी चुकवू नका.

राहिला मुलाचा प्रश्न. त्याला खरं सांगा, त्याच्या वयाला झेपेल एवढं. "पाऊस आला की माझ्या अंगाला वाटतं पूर आला, म्हणून माझा आवाज चढतो. त्यात तुझी चूक नसते. मी यावर उपाय करतेय." ओरडून झालं असेल तर त्याच संध्याकाळी जवळ घेऊन चुकलं म्हणा. आणि ताई, त्या पहाटे धाब्यावर तोही होता. दुसरीतला मुलगा. तुमच्या पत्रात त्याला काय वाटलं याबद्दल काहीच नाही. एखाद्या निवांत दुपारी, ऊन असताना, शेजारी बसून त्याला विचारा की त्याला त्या दिवसाचं काय आठवतं, आणि तो बोलायला लागला की मध्ये बोलू नका.